कामांची यादी होतीच, टिपणं कुठे ठेवायची?

रविवार, ४ जानेवारी २०२६

सुरुवात एका चुकीतून झाली, ती आधी लिहून ठेवते.

भाषांतराचं एक मोठं काम चालू आहे. 'प्रकरण ५ तपासणे' असं एक काम टूडूइस्टमध्ये, म्हणजे माझ्या कामयादीच्या ॲपमध्ये होतं. त्याच्या वर्णनाच्या खान्यात मी हळूहळू तीन पडदे भरतील एवढा मजकूर साठवला होता. कोणत्या संज्ञेला कोणता शब्द ठरला, कोणता का नाकारला, संपादकांनी फोनवर काय सांगितलं, सगळं तिथेच. प्रकरण तपासून झालं, मी गोलावर टिचकी मारली, काम गेलं. त्याच्याबरोबर शब्दांची यादीही नजरेआड गेली. नवव्या प्रकरणात त्याच संज्ञेला मी दुसराच शब्द वापरून मोकळी. संपादकांच्या लक्षात आलं. ३१ ठिकाणी दुरुस्ती, एक अख्खी संध्याकाळ.

यात टूडूइस्टचा काही दोष नाही. झालेलं काम डोळ्यांसमोरून हटवणं हेच तर त्याचं काम. टिपणाचं उलटं असतं, त्याची गरज बरेचदा काम संपल्यावरच लागते. तेव्हा कामयादी आहे तीच राहणार, तिच्या शेजारी टिपणांसाठी वेगळं ॲप हवं. अंदाज: दोन शनिवार-रविवार. (हा अंदाज तसाच ठेवते आहे, नंतर खोडणार नाही.)

सध्या टिपणं कुठे कुठे आहेत: एका जुन्या ॲपमध्ये ६४०, कामांच्या वर्णनांत ७३, ईमेलच्या मसुद्यांत काही. शिवाय स्वतःलाच पाठवलेले व्हॉट्सॲप संदेश. ते मोजायचा धीर झाला नाही.

मंगळवार, ६ जानेवारी

निकषांचा तक्ता केला. २२ रकाने. रंग, काळी पार्श्वभूमी, हस्ताक्षर, आलेख, काय काय. रात्री साडेअकराला लक्षात आलं की यातले १८ रकाने इतर लोकांच्या शिफारशी वाचून भरलेत, माझ्या कामात त्यांना जागाच नाही. उरलेले चार:

फोनवर टूडूइस्टमधल्या कामावरून एका टिचकीत टिपण उघडलं पाहिजे. मराठीत शोधलं की सापडलं पाहिजे. नेट बंद असताना लिहिता आलं पाहिजे. आणि उद्या सोडायचं ठरलं तर सगळं सामान घेऊन बाहेर पडता आलं पाहिजे.

उमेदवार चार: नोशन, वननोट, जॉप्लिन, ऑब्सिडियन. ॲपल नोट्स बाद, कारण माझा फोन अँड्रॉइड. गूगल कीप चिठ्ठ्यांसाठी छान आहे, पण माझी टिपणं लांबलचक असतात.

शनिवार-रविवार, १०-११ जानेवारी

नोशन. इथे दोन दिवस गेले आणि चूक सर्वस्वी माझी.

कामाच्या दृष्टीने त्यात एक गोष्ट फार सोयीची आहे. प्रत्येक पानाला स्वतःचा वेब पत्ता असतो आणि त्या पत्त्यात पानाचा ओळखक्रमांक असतो. शीर्षक बदललं तरी टूडूइस्टमध्ये चिकटवलेली लिंक चालते. ऑगस्ट २०२५पासून नेटशिवायही पानं उघडता येतात. बाहेर पडायला मार्कडाउन (साध्या मजकुरातच खुणा लिहून मांडणी करायची पद्धत) आणि सीएसव्ही (तक्त्याची साधी मजकूर-फाइल) यांची वाट आहे, फक्त फाइलींच्या नावांपुढे ३२ अक्षरांचं शेपूट लागून येतं.

मग बिघडलं कुठे? पानं करता करता मी डेटाबेस केला. डेटाबेसला 'स्थिती' हा रकाना जोडला. स्थिती आली म्हणून तारीख आली. तारीख आली म्हणून कॅलेंडर. रविवारी दुपारी माझ्याकडे टूडूइस्टची एक अर्धवट नक्कल तयार होती आणि खऱ्या टूडूइस्टकडे मी दोन दिवस ढुंकूनही पाहिलं नव्हतं. शनिवारी एकाला नमुना पाठवायचा होता, तो राहिला. माफीचा ईमेल लिहिला.

ज्या ॲपमध्ये कामयादी बांधता येते, तिथे मी ती बांधणारच. स्वभावाला औषध नाही. नोशन बंद. वननोट दोन तास पाहिलं. पानावर कुठेही लिहिता येतं हे हाताने आकृत्या काढणाऱ्यांना आवडेल, मला सरळ ओळींचा मजकूर हवा. तेही बंद.

बुधवार, १४ जानेवारी

मराठी शोध. या नोंदी कुणी वाचत असेल तर निदान एवढी नोंद वाचा, कारण शिफारशींच्या लेखांत हे कुठेच नव्हतं.

मी एक चाचणीचं टिपण केलं. त्यात 'दुसऱ्या' हा शब्द दोनदा लिहिला, एकदा फोनवर आणि एकदा लॅपटॉपवर. डोळ्यांना दोन्ही सारखे. शोधलं तर एकच सापडला.

कारण असं की हा शब्द आतून दोन-तीन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग 'या'. दुसरीत साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं, शून्य रुंदीचं जोडचिन्ह. जुन्या मजकुरात कधीकधी 'र' आणि खाली नुक्ता अशी तिसरी तऱ्हाही भेटते. कोणता कीबोर्ड यातलं काय टाकतो हे आपल्याला दिसत नाही. संगणक मात्र अक्षरांचे क्रमांक जुळवतो, रूप पाहत नाही.

'ॲप' शब्दाची तीच कथा. 'ॲ' हे एकसंध अक्षर यूनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, २००८ साली आलं. त्याआधी सगळे 'अ' लिहून त्यावर अर्धचंद्र देत, आणि बरेच कीबोर्ड आजही तेच देतात. माझ्याकडे दोन्ही आहेत, कारण फोन बदलला तेव्हा कीबोर्डही बदलला. आकड्यांचं तर विचारूच नका, निम्म्या टिपणांत २०२३ देवनागरीत आहे आणि निम्म्यांत रोमन.

कोणत्या ॲपने या चाचणीत काय केलं ते मुद्दाम लिहीत नाही, आवृत्तीगणिक बदलू शकतं. दहा मिनिटांची चाचणी आहे: 'दुसऱ्या', 'ॲप', एक साल. फोनवर लिहा, लॅपटॉपवर शोधा, मग उलट करा.

मला यातून एक गोष्ट ठरवता आली. शोध कच्चा निघाला तर उपाय म्हणजे मजकूरच एकसारखा करून टाकणं, आणि ते ज्या फाइलींना माझा हात पोचतो त्यांच्याबाबतच सोपं. म्हणजे टिपणं साध्या मजकूर-फाइलींत हवीत.

रविवार, १८ जानेवारी

जॉप्लिन की ऑब्सिडियन. दोन्हींत मार्कडाउनच लिहायचं, दोन्ही नेटशिवाय चालतात.

जॉप्लिन मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सर्वांना खुला. टिपणं एका स्थानिक डेटाबेसमध्ये राहतात. ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह, नेक्स्टक्लाउड यांपैकी काहीही वापरून सिंक करता येतं (सगळ्या यंत्रांवर तीच टिपणं ठेवता येतात), आणि कूटबद्ध करूनही. बाहेरून द्यायच्या लिंकमध्ये ओळखक्रमांक असतो, त्यामुळे शीर्षक बदललं तरी फिकीर नाही. ऑब्सिडियन २०२० साली आलं, मुक्तस्रोत नाही पण फुकट वापरता येतं. त्याची 'व्हॉल्ट' म्हणजे आपला साधा फोल्डर, प्रत्येक टिपण ही त्यातली एक फाइल. त्यांचं सिंक विकतचं आहे, नको असेल तर आपली सोय आपण करायची.

जॉप्लिन वापरणाऱ्या मैत्रिणीला फोन केला. ती अनेक वर्षं माझी भाषांतरं तपासते. म्हणाली, "अगं, तू ॲप शोधतेयस की काम न करायला कारण?" मी म्हटलं दोन्ही.

लिंकच्या बाबतीत जॉप्लिन सरस, फाइलींवर हात चालवायला ऑब्सिडियन सरळ. परवाच्या शोधाच्या प्रकरणामुळे मी ऑब्सिडियन घेतलं. लिंकचं बघू म्हटलं. (नंतरची भर: ते 'बघू' पुढच्या रविवारी अंगाशी आलं.)

शनिवार, २४ जानेवारी

मजकूर एकसारखा करायला पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत बारा ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम लिहिला. यूनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण, ज्याला एनएफसी म्हणतात, ते 'र' अधिक नुक्ता याचा 'ऱ' करतं. पण जोडचिन्हाचा प्रकार आणि 'अ'वरचा अर्धचंद्र यांना ते हात लावत नाही, ते दोन्ही बदल आपले आपण लिहावे लागतात. आकडे सगळे देवनागरी केले.

बॅकअप न घेता ती चालवली. निकाल झकास आला. संध्याकाळी शुद्धलेखनाचं एक जुनं टिपण उघडलं, त्यात आता असं वाक्य आहे: "'ऱ्य' आणि 'ऱ्य' यांतला फरक लक्षात ठेव." फरक गेला. मुळात तिथे काय होतं ते आठवून पुन्हा लिहिलं. शिवाय काही वेब पत्त्यांमधले आकडेही देवनागरी झाले, म्हणजे ते पत्ते मेले. १४ हाताने दुरुस्त केले. जुन्या ॲपमधून अजून सगळं आणलेलं नव्हतं म्हणून थोडक्यात निभावलं.

दुसऱ्या आवृत्तीत स्क्रिप्ट वेब पत्ते असलेल्या ओळी सोडून देते, आणि ज्या टिपणावर 'जसंच्या-तसं' हा टॅग आहे त्याला शिवत नाही. आधी फोल्डरची प्रत काढते, मगच काम सुरू करते.

रविवार, २५ जानेवारी

टूडूइस्टमधल्या १७ लिंका मेल्या.

ऑब्सिडियनमध्ये टिपणाची लिंक काढली की तिच्यात व्हॉल्टचं नाव आणि फाइलीचं नाव असतं. काल उत्साहात ४० फाइलींची नावं नीटनेटकी केली. ॲपच्या आतल्या लिंका त्याने स्वतःच बदलून घेतल्या. बाहेर टूडूइस्टमध्ये पडलेल्या लिंकांना कोण सांगणार? हे मला कळायला हवं होतं, आठवड्यापूर्वी मीच लिहिलंय.

दुसरी गंमत. देवनागरी नाव लिंकमध्ये गेलं की त्याचं प्रत्येक अक्षर, काना-मात्रा वेगळी मोजून, नऊ चिन्हांचं होतं. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत एका देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन चिन्हांत लिहिला जातो. 'गळती' म्हणजे ग, ळ, त आणि दीर्घ ईची मात्रा, चार चिन्हं. लिंकमध्ये ३६. माझ्या एका टिपणाचं शीर्षक होतं 'तिसऱ्या मसुद्यातले न सुटलेले शब्द'. त्याची लिंक टूडूइस्टच्या खान्यात चिकटवली तर कामाचं नाव शोधावं लागतं.

उपाय तीन पाहिले. फाइलींना कायमचा ओळखक्रमांक देणारं प्लगिन (इतरांनी लिहिलेली, ॲपला जोडायची भर) आहे, चालतंही. पण माझ्या रोजच्या कामाचा कणा कुणा एकाच्या फावल्या वेळावर उभा करायला मन धजलं नाही. दुसरा, लिंकच नको, कामात फक्त 'टि-१४३' असा क्रमांक लिहायचा आणि ऑब्सिडियनमध्ये शोधायचा. करून पाहिलं, फोनवर जीव नको झाला.

तिसरा टिकला. प्रत्येक प्रकल्पाचं एकच मुख्य टिपण. त्याच्या फाइलीला रोमन अक्षरांत छोटंसं नाव, जे जन्मात बदलायचं नाही. मराठी शीर्षक आत टोपणनावाच्या खान्यात, म्हणजे ॲपमध्ये शोधताना मराठीतच सापडतं. टूडूइस्टमधल्या लिंका फक्त या मुख्य टिपणांकडे जातील, त्यांच्या पोटातल्या टिपणांकडे नाही. एका वेळी माझे प्रकल्प आठ-दहा असतात. आठ-दहा नावं न बदलण्याइतका संयम माझ्यात आहे, असं धरून चालते.

रविवार, १ फेब्रुवारी

६४० टिपणं आणली. तीन संध्याकाळी लागल्या.

जुन्या ॲपने एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेब पानांच्या रूपात दिली, त्यांचं मार्कडाउन केलं. लॅपटॉप विंडोजचा. विंडोजला फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम, तारका चालत नाहीत, आणि मी शीर्षकं प्रश्नार्थक लिहिते. "ही संज्ञा इथे का टाळली?" वगैरे. सगळ्या प्रश्नचिन्हांच्या जागी आडवी रेघ आली. वाचायला विचित्र वाटतं, पण चालेल.

मग मोजदाद केली. लॅपटॉपवर ६४०, फोनवर ६३१. नऊ फाइली गेल्या कुठे? सिंकने काही तक्रार केली नव्हती. तासभर डोकं खाजवल्यावर दिसलं की नऊच्या नऊ सर्वांत लांब नावाच्या आहेत. फोनवर फाइलीच्या नावाची मर्यादा २५५ बाइट. विंडोज बाइट मोजत नाही, अक्षरं मोजतं, म्हणून तिथे कुरकुर नाही. देवनागरीला प्रत्येकी तीन बाइट म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं, काना-मात्रा आणि हलन्त धरून. त्यातून फाइलीचा प्रकार सांगणारं टिंब आणि शेवटचं 'एमडी' वजा. इंग्रजीत नाव लिहिणाऱ्याला ही भिंत सहसा दिसतच नाही. मी पूर्ण वाक्याची शीर्षकं देते, त्यामुळे धडकले. नऊ नावं छाटली.

आणि एक, जे आधी करायला हवं होतं: ६४०पैकी खरोखर लागणारी टिपणं किती ते पाहिलं. ११२. बाकीची 'जुनं' नावाच्या फोल्डरात ढकलली. आधी ११२ निवडली असती तर एका संध्याकाळीत भागलं असतं.

रविवार, ८ फेब्रुवारी

एकाच फोल्डरवर दोन सिंक बसवले होते. एक फोनसाठी मुद्दाम लावलेला. दुसरा लॅपटॉपवर आपोआप चालणारा, मी ज्याच्या अखत्यारीतला फोल्डर निवडला आणि विसरून गेले. दोघांनी मिळून बुधवारच्या बैठकीच्या टिपणाच्या तीन प्रती केल्या. मी शहाणपणाने 'जुन्या' दोन पुसल्या. शेवटचे चार परिच्छेद त्यांतल्याच एका प्रतीत होते.

वाचवलं कुणी, तर ऑब्सिडियनच्या फाइल रिकव्हरीने. ती आतच असते, दर पाच मिनिटांनी बदललेल्या टिपणाची छबी घेते आणि सात दिवस ठेवते. दोन्ही आकडे सेटिंगमध्ये बदलता येतात. पण छबी ज्या यंत्रावर लिहिलं त्याच यंत्रावर असते. मी आधी अर्धा तास फोनवर शोधत बसले, लिहिलं होतं लॅपटॉपवर. मिळालं. सात दिवसांचे तीस केले. दुसरा सिंक काढून टाकला.

रविवार, १५ फेब्रुवारी

आतापर्यंतचा सगळा त्रास ॲपच्या जोडणीचा होता. हा माझा.

मार्कडाउनमध्ये "- [ ]" लिहिलं की चौकट येते. बैठकीत लिहिताना हात आपोआप तिकडे जातो. आज सगळ्या व्हॉल्टमध्ये न भरलेल्या चौकटी शोधल्या: ५८. एकेक वाचली. ३७ नुसते विचार होते, 'हे बघता येईल' छापाचे. २१ खरी कामं. त्यांतल्या दोन कामांची तारीख उलटून गेलेली. एक तर पैसे मागण्याचा ईमेल, म्हणजे नुकसान माझंच.

टूडूइस्ट रोज सकाळी उघडते. टिपण ते काम हातात घेईन तेव्हाच उघडते. चौकट टिपणात राहिली म्हणजे ते काम करायचं त्या दिवशी मला दिसणारच नाही. चौकटी गोळा करून एका पानावर दाखवणारी प्लगिनं आहेत, टूडूइस्टची यादी टिपणात आणणारीही आहेत. दोन्ही लावून पाहिली. त्याने दोन याद्या झाल्या, आणि सकाळी कोणती पाहायची याचाच विचार सुरू झाला. काढली.

आता टिपणात चौकट टाकायचीच नाही. बैठकीत कामं आणि माहिती वेगळी करत बसायला वेळ नसतो, म्हणून ओळीच्या सुरुवातीला नुसतं ">>" लिहिते. लॅपटॉप मिटण्याआधी त्या खुणा शोधायच्या, एकेक काम टूडूइस्टमध्ये टाकायचं, सोबत मुख्य टिपणाची लिंक, आणि टिपणात खूण बदलून "→" करायची. बाण दिसला की ते काम आता इथलं नाही. काम पूर्ण झालं का, हे टिपणात परत येऊन नोंदवायचं नाही. ते टूडूइस्टला माहीत आहे, तेवढं पुरे.

उलट बाजूने, टूडूइस्टच्या वर्णनात तीन ओळींहून जास्त लिहायचं झालं की ते टिपणात हलवायचं. तीन हा आकडा असाच, फोनवर न सरकवता तेवढंच दिसतं म्हणून.

रविवार, २२ फेब्रुवारी

ॲपचं काहीही केलं नाही. प्रकरण ११ आणि १२ झाली. ">>" या खुणा दोनदा तशाच राहिल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी हलवल्या.

रविवार, १ मार्च

बाहेर पडायची रंगीत तालीम. फोल्डर उचलला, ऑब्सिडियन नसलेल्या दुसऱ्या लॅपटॉपवर टाकला, साध्या संपादकात उघडला.

मजकूर सगळा दिसला. चित्रं नाहीत, टिपणांतल्या परस्पर लिंकाही नाहीत. ऑब्सिडियन मुळात दुहेरी चौकोनी कंसाची लिंक वापरतं, ती मार्कडाउनची प्रमाण पद्धत नव्हे. सेटिंगमध्ये ते बंद करून प्रमाण लिंका घेता येतात. मी पहिल्या दिवशी तिथवर पोचलेच नव्हते. बदललं. आधीच्या चित्रांच्या ४७ लिंका स्क्रिप्टने बदलल्या, या वेळी प्रत काढून. टिपणांमधल्या लिंका तशाच ठेवल्या, वाचताना नाव दिसतं, तेवढं बस.

टूडूइस्टमधूनही प्रकल्पागणिक सीएसव्ही काढून पाहिली. कामांच्या वर्णनांतल्या लिंका त्यात व्यवस्थित आल्या.

रविवार, १५ मार्च

वेळेचा हिशेब, वहीत लिहिलेल्या तासांवरून: तक्ते आणि शिफारशी वाचणं ७, नोशन ११, बाकी उमेदवार ५, स्क्रिप्ट आणि तिचं निस्तरणं ६, टिपणं आणणं ९, लिंका ४, सिंक ३. एकूण ४५. दोन शनिवार-रविवारचा अंदाज होता.

पुन्हा करायचं झालं तर नोशनचे ११ आणि टिपणं आणण्यातले निदान ६ तास वाचतील. लिंकांचे चार वाचतील की नाही शंका आहे. जॉप्लिन घेतलं असतं तर ते गेलेच नसते, मग शोधासाठी स्क्रिप्ट चालवायला दर वेळी एक्सपोर्ट-इम्पोर्ट करावं लागलं असतं. मैत्रीण म्हणते तिला शोधाचा त्रास कधी झालाच नाही. ती टिपणं इंग्रजीत लिहिते.

नावं न बदलण्याचा संयम सात आठवडे टिकला आहे. ">>" आठवड्यातून एखादी सुटते.

काल संपादकांचा फोन आला, पाचव्या प्रकरणात एक संज्ञा पुन्हा बदलायची म्हणाले. फोन चालू असतानाच टूडूइस्टमधल्या लिंकवरून टिपण उघडलं. तो शब्द आधी का नाकारला होता ते तिथे लिहिलेलं होतं. वाचून दाखवलं. "मग राहू दे," म्हणाले.

एक गोष्ट उरली होती. 'टिपणांचं ॲप निवडणे' हे काम टूडूइस्टमध्ये ४ जानेवारीपासून उघडं होतं. आज टिचकी मारायला गेले तर त्याच्या वर्णनात २२ रकान्यांचा तो तक्ता, चारी ॲपबद्दलचे शेरे आणि स्क्रिप्टची पहिली आवृत्ती, चांगले चार पडदे भरतील एवढं. सगळं टिपणात हलवलं, मग काम मिटवलं.